तिघऱ्याचा धडा

ग्वाल्हेर म्हटले की मराठी माणसाच्या मनासमोर प्रथम शिंद्यांचा दरबार उभा राहतो. त्यामागून तानसेनाची समाधी येते, आणि मग झाशीच्या राणीचा अखेरचा संग्राम. परंतु या नगरीला तहान लागते तेव्हा ती कोठून भागते, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच विचारला जातो. राजे, लढाया आणि तह यांच्या हकिकतीत पाण्याला जागा मिळत नाही. वस्तुतः ग्वाल्हेरचा सारा इतिहास पाण्याच्या अंगाने सांगता येईल, आणि तसा तो सांगितला म्हणजे त्यात एक असा प्रसंग येतो की, ज्याचा धडा ग्वाल्हेरपुरता उरत नाही. तो थेट आपल्या पुण्याच्या मुठेपर्यंत येऊन पोहोचतो.

ग्वाल्हेरचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती वालुकाश्माची टेकडी सपाट मैदानातून एकदम ताठ वर आलेली आहे. शत्रूला चढावयास ती जितकी अवघड, तितकीच आत राहणाऱ्यांना पाण्याच्या दृष्टीने कठीण. वर नदी नाही, आणि पाऊस पडतो तो बव्हंशी जुलै-ऑगस्टच्या दोन महिन्यांत. उरलेले वर्ष त्याच पाण्यावर काढावयाचे. म्हणून ज्याने ज्याने हा किल्ला राखला, त्याला आधी पाणी राखावे लागले. सूरजकुंड, जौहर ताल, एकखंबा ताल, राणी ताल, चेरी ताल, अस्सी खंबा बावडी ही नावे आज प्रवासी सहज वाचून पुढे जातात. पण ती सारी किल्ल्याची कोठारे होती, आणि धान्याच्या कोठारांइतकाच त्यांना पहारा असे. किल्ल्याच्या पश्चिमेस ऊरवाही नावाचे खोरे आहे. तेथल्या विहिरी शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून ते खोरेही तटबंदीच्या आत घेतलेले आहे. १२३२ साली दिल्लीच्या अल्तमशाला हा किल्ला मिळाला तो कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर. इतका दीर्घ वेढा सोसणाऱ्या किल्ल्यात पाण्याची तजवीज किती पक्की असली पाहिजे, हे निराळे सांगावयास नको. या नगरीच्या जन्माची दंतकथासुद्धा पाण्याचीच आहे. सूरजसेन नावाच्या कुष्ठरोगी राजाला ग्वालिपा साधूने कुंडाचे पाणी पाजले, राजा बरा झाला, आणि साधूच्या नावावरून गावाला नाव पडले, असे लोक सांगत आले आहेत.

दुसरी दंतकथा आपल्या विषयाशी अधिक जवळची आहे. १४८६ ते १५१६ या काळात येथे तोमर घराण्यातील मानसिंह राज्य करीत होता. त्याची गुजर राणी मृगनयनी ही राई गावची. विवाहाच्या वेळी तिने अट घातली म्हणतात की, ज्या नदीचे पाणी पिऊन मी वाढले, त्याच नदीचे पाणी मला राजवाड्यात मिळाले पाहिजे. किल्ल्याच्या पायथ्याशी तिच्यासाठी गुजरी महाल उभा राहिला, आणि नदीचे पाणी तेथवर आणण्यात आले, अशी ही कथा आहे. त्या नदीचे नाव सांक. कथेतील खरेखोटे बाजूला ठेवले तरी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ग्वाल्हेरला पाणी द्यावयाचे तर ते सांक नदीचे, ही कल्पना लोकांच्या मनात कित्येक शतके रुजलेली होती. विसाव्या शतकातील इंजिनिअर नकाशे पसरून बसले, तेव्हा त्यांचेही बोट त्याच नदीवर येऊन थांबले.

मधल्या काळात ग्वाल्हेरचे रूप पालटले होते. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेस आपली छावणी कायम केली. छावणीची वस्ती झाली, वस्तीचे शहर झाले, तरी नाव ‘लश्कर’ हेच राहिले. दक्षिणेतून आलेली सरदारांची, कारकुनांची, पुजाऱ्यांची, गवयांची मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली. जुने ग्वाल्हेर, लश्कर आणि मोरार मिळून हे तिहेरी शहर वाढत गेले. त्याच्या पोटातून वाहणारी स्वर्णरेखा म्हणजे नावाची नदी आणि प्रत्यक्षात ओढा. राणी लक्ष्मीबाईचा घोडा ज्या ओढ्यापाशी अडला असे सांगतात, तो हाच. वाढत्या वस्तीला विहिरी, बावड्या आणि तळी कोठवर पुरणार? त्यातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एकामागून एक दुष्काळ आले. १८९६-९७ चा आला. त्याच्या जखमा भरतात न भरतात तोच १८९९-१९०० चा आला. संवत् १९५६ मध्ये पडलेला म्हणून उत्तर हिंदुस्थानात अजूनही तो ‘छप्पनचा काळ’ या नावाने ओळखला जातो.

त्या वेळी ग्वाल्हेरच्या गादीवर माधवराव शिंदे हे तरुण महाराज होते. १८७६ मध्ये जन्मलेले, वयाच्या दहाव्या वर्षी गादीवर बसलेले, आणि १८९४ मध्ये राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार हाती आलेले. राज्य हाती आल्यावर दोनच वर्षांत ज्याला दुष्काळाचे तोंड पाहावे लागले, त्याला पाण्याचा ध्यास लागावा हे स्वाभाविक होते. त्यांच्या कारकिर्दीत संस्थानात तलाव आणि बंधारे यांची मोठी कामे हाती घेण्यात आली. शिवपुरीस त्यांनी १९१८ मध्ये बांधविलेला आणि मातोश्रींच्या नावाने ओळखला जाणारा सख्यासागर आजही भरलेला दिसतो; २०२२ मध्ये रामसर करारान्वये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ स्थळांत त्याची गणना झाली. आसन नदीवरील पगारा, पार्वती नदीवरील हरसी ही धरणेही संस्थानी काळाचीच देणगी होय. या साऱ्या कामांत राजधानीच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे काम म्हणजे शहरापासून सुमारे २० ते २५ किलोमीटरवर, सांक नदीच्या रुंद खोऱ्यात तिघरा येथे बांधलेले धरण. चुन्याच्या दगडी बांधकामाचे हे धरण सुमारे ८० फूट उंच, आणि लांबीला १ किलोमीटरहून पुष्कळ अधिक होते. १९१६ मध्ये ते उभे राहिले. मृगनयनीची अट आता एका राणीपुरती राहिली नव्हती. सारे शहर सांकेचे पाणी पिणार होते.

येथे थोडे थांबून, पाण्याचा तज्ज्ञ म्हणजे कोण, हे पाहणे आवश्यक आहे. गवंडी भिंत बांधतो. पाण्याचा जाणकार त्याच्या आधी हिशेब बांधतो. नदीच्या वरच्या अंगाचा मुलूख किती, त्यावर पाऊस किती, त्यातले जमिनीत किती मुरते, उन्हाने किती उडून जाते, उरलेले किती दिवसांत वाहून येते, आणि अतिवृष्टी झाली तर एका तासात किती लोंढा येईल, या प्रश्नांची उत्तरे त्याला द्यावी लागतात. साठ्याचा हिशेब चुकला तर शहर तहानेले राहते. लोंढ्याचा हिशेब चुकला तर खालची गावे वाहून जातात. एकाच माणसाला एकाच वेळी दुष्काळाची आणि पुराची, अशा दोन्ही भीती डोक्यात वागवाव्या लागतात. या पेशाची खरी अडचण हीच.

या दोन्ही भीतींचा मेळ घालणारी एक सुंदर युक्ती महाराष्ट्राच्या भूमीवर जन्मास आली. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून १८८३ मध्ये इंजिनिअरीची परीक्षा उत्तीर्ण होऊन मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हा म्हैसूरचा तरुण मुंबई इलाख्याच्या सरकारी बांधकाम खात्यात शिरला. नाशिक आणि खानदेशात त्याने नद्यांचे आणि पाटांचे पहिले धडे गिरविले. पुढे पुण्यास असताना खडकवासल्याच्या तलावाचा प्रश्न त्याच्यासमोर आला. पावसाळ्यात तलाव भरे आणि जास्तीचे पाणी सांडव्यावरून वाहून जाई. धरणाची उंची वाढवावी तर खर्च मोठा, आणि सांडवा उंच करावा तर पुराच्या वेळी धरणाला धोका. विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये सांडव्यावर आपोआप उघडणारे दरवाजे बसविले. पाणी ठरीव पातळीच्या वर चढले की ते बाजूच्या हौदात शिरावे, तेथील वजनांचा तोल बदलावा, आणि त्या तोलाने दरवाजे वर उचलले जावेत. पाणी उतरले की ते पुनः आपल्या जागी बसावेत. रात्री-अपरात्री पहारेकऱ्याला हाक मारावयास नको की यंत्र फिरवावयास नको. या दरवाजांमुळे सांडव्याच्या वर सुमारे ८ फूट पाणी अधिक अडविता आले, आणि साठा जवळजवळ चतुर्थांशाने वाढला. धरणाची भिंत मात्र होती तेवढीच राहिली. ही रचना पुढे ग्वाल्हेरच्या तिघरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही उपयोगात आली. मुठेकाठी सुचलेली युक्ती अशी चंबळेच्या मुलुखात गेली.

परंतु पाणी केवळ वरच्या बाजूने धरणाशी झुंजत नाही. १९१७ च्या पावसाळ्यात, म्हणजे धरण पुरे होऊन एक वर्ष लोटते न लोटते तोच, सांक नदीला प्रचंड पूर आला. पाणी धरणाच्या माथ्यावरून वाहू लागले, आणि ऑगस्ट महिन्यात बांधाचे मोठमोठे भाग आपल्या जागेवरून सरकून पुढे ढकलले गेले. वर्षभर साठविलेले पाणी काही वेळात खोऱ्यातून खाली धावले. शहराच्या पिण्यासाठी अडविलेल्या त्या पाण्याने नदीकाठच्या गावांत मोठी प्राणहानी केली. ज्यांना त्या धरणाचे घोटभर पाणीही मिळावयाचे नव्हते, त्यांनी त्याची किंमत मोजली. तिघऱ्याच्या हकिकतीतील ही सर्वांत बोचणारी गोष्ट आहे.

असे का झाले? धरणांच्या अपघातांच्या शास्त्रीय नोंदींत तिघऱ्याचे नाव येते ते पाया सरकून फुटलेल्या धरणांच्या यादीत. ज्या वालुकाश्मावर धरण उभे होते, त्यात पाणी शिरले होते. दगडी धरण पाण्याचा रेटा सहन करते ते आपल्या वजनाच्या बळावर. एक घनमीटर दगडी बांधकाम दोन टनांहून थोडे अधिक भरते. तेवढेच पाणी एक टन भरते. आता विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या कोणाही बाईला ठाऊक आहे की, घागर पाण्यात असेतोवर हलकी लागते आणि पाण्याबाहेर येताच जड होते. धरणाचेही तसेच आहे. खडकाच्या थरांतून पाणी पायाखाली शिरले की ते धरणाला खालून उचलू लागते. भिंत दिसते तेवढीच, पण तिचे पायावरील वजन, पाणी सर्वत्र शिरल्यास, दोन-पंचमांशापर्यंत कमी झाल्यासारखे होते. त्याच वेळी पूर आला म्हणजे मागचा रेटा वाढतो. वजन घटलेले आणि रेटा वाढलेला, अशा स्थितीत भिंत न मोडतासुद्धा जागची सरकते.

हे ज्ञान त्या काळी जगाला अगदीच नवे होते असे नाही. फ्रान्समधील बूझे येथील धरण असेच वालुकाश्मावर बांधलेले होते. १८८४ मध्ये ते जागचे किंचित सरकले, दुरुस्त करण्यात आले, आणि १८९५ मध्ये फुटले. त्या अनर्थानंतर पायाखालच्या पाण्याच्या या उचलीचा विचार युरोपातील इंजिनिअर गंभीरपणे करू लागले. १९११ मध्ये अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातील ऑस्टिन येथील धरण पाया सरकल्यामुळेच गेले. परंतु शास्त्र ग्रंथांत येणे निराळे आणि कामाच्या जागी पोहोचणे निराळे. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ असे आपण म्हणतो. पण पुढच्याला ठेच लागल्याची वार्ता मागच्याच्या कानी वेळेवर गेली तरच तो शहाणा होणार. आज धरण बांधताना खडकात खोल भोके पाडून सिमेंटचे पातळ मिश्रण दाबाने भरतात, पायाखाली निचऱ्याच्या वाटा ठेवतात, आणि त्या निचऱ्याचे पाणी रोज मोजतात. या प्रत्येक नियमामागे कोठल्या ना कोठल्या फुटलेल्या धरणाची आठवण आहे.

तिघऱ्याचे काम सोडून देण्यात आले नाही. शहराची तहान तर पूर्वीसारखीच होती. १९२९ मध्ये धरण पुनः उभे राहिले. ज्या महाराजांच्या कारकिर्दीत ते प्रथम बांधले गेले, ते माधवराव १९२५ मध्येच पॅरिस येथे निवर्तले होते. दुसऱ्यांदा भरलेला तलाव पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

आता ग्वाल्हेरहून पुण्याकडे वळू. कारण या कथेचा दुसरा भाग तेथे आहे. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी आंबी नदीवरचे पानशेतचे नवे धरण फुटले. त्याचे काम पुरते संपलेही नव्हते. तो लोंढा खाली खडकवासल्यात आला, आणि तेच खडकवासला, जेथे विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे प्रथम बसले होते, फुटले. पुढे पुण्यात काय घडले हे मराठी वाचकांना सांगावे लागत नाही. पेठापेठांतून पाणी शिरले, घरे बसली, संसार उघड्यावर आले. विश्वेश्वरय्या त्या वेळी हयात होते. ते १९६२ मध्ये वारले. ज्या दोन धरणांशी एकाच युक्तीचे नाव जोडलेले आहे, ती दोन्ही धरणे अशी चव्वेचाळीस वर्षांच्या अंतराने फुटली. योगायोगाची गोष्ट म्हणून हे सोडून देता येईल. पण त्यात विचार करण्यासारखे पुष्कळ आहे.

कारण दोन्ही ठिकाणी उणीव त्या युक्तीत नव्हती. खडकवासल्याचे दरवाजे मुठेच्या पुराचा हिशेब करून बसविलेले होते. वरचे एक सबंध धरण आपल्या अंगावर येईल, हा हिशेब त्यांच्याकडे मागणेच अन्यायाचे होते. तिघऱ्याची भिंत सरकली ती पायाखालच्या खडकावरून. म्हणजे एका ठिकाणी हिशेबाबाहेरचे पाणी वरून आले आणि दुसऱ्या ठिकाणी ते खालूनही आले. माणसाची कल्पकता जेथवर पोहोचली होती तेथवर काम चोख होते. जेथे तिची नजर पोहोचली नाही तेथून संकट आत शिरले. विश्वेश्वरय्यांना स्वतःला पुराची ही बाजू अपरिचित नव्हती. १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले तेव्हा निजाम सरकारने त्यांनाच पाचारण केले होते, आणि शहराच्या वरच्या अंगास मोठे जलाशय बांधून पुराचे पाणी तेथेच अडवावे, अशी सूचना त्यांनी केली होती. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तिचेच फळ. तलावाचा उपयोग पाणी साठविण्यासाठी जितका, तितकाच येणाऱ्या लोंढ्यासाठी जागा रिकामी ठेवण्यासाठीही आहे, हे त्या योजनेचे सार होते.

रिकामी जागा ठेवणे ही गोष्ट मात्र राज्यकर्त्याला आणि नागरिकाला सहजासहजी रुचत नाही. ज्याने दुष्काळ पाहिला आहे त्याला भरलेला तलाव सुखावतो, आणि अर्धा भरलेला तलाव त्याला नुकसानीसारखा वाटतो. ‘पाणी असताना सोडून का देता?’ हा प्रश्न प्रत्येक पावसाळ्यात प्रत्येक धरणावर विचारला जातो. तो विचारणारा मनुष्य मूर्ख नसतो. त्याला उन्हाळा आठवत असतो. अशा वेळी सांडव्याचा, पायाचा आणि खालच्या गावांचा विचार करून ‘इतकेच साठवू, याहून अधिक नाही’ असे म्हणण्याचे धैर्य ज्याला आहे, तोच खरा पाण्याचा तज्ज्ञ. त्याचे ऐकले गेले तर काहीच घडत नाही, आणि काही घडले नाही म्हणून त्याचे नावही कोणी घेत नाही. त्याचे न ऐकले गेले, किंवा त्याला स्वतःलाच ते वेळेवर उमगले नाही, तर तिघरा होते.

तिघऱ्याचा तलाव आजही ग्वाल्हेरची तहान भागवितो. पाऊस अपुरा झाला की ककेटो आणि पेहसारी या तलावांतून त्यात पाणी आणून भरावे लागते, आणि शहराला एक दिवसाआड पाणी घेण्याची पाळी येते. पाऊस भरपूर झाला की दरवाजे उघडावे लागतात. त्याआधी सांकेच्या काठच्या गावांना सावधगिरीचा इशारा दिला जातो. खालचा माणूस झोपेत असताना त्याच्या दाराशी पाणी जाऊ नये, एवढाच त्या इशाऱ्याचा अर्थ. ऐकावयास ही लहानशी सरकारी रीत वाटते. पण १९१७ च्या त्या पावसाळ्यात ज्यांची घरे वाहून गेली, त्यांच्या स्मरणार्थ यापेक्षा अधिक योग्य अशी दुसरी गोष्ट करता येणार नाही.